रेनाल्दाचं ग्रहण

आमच्या गावात गरोदर बाईनं ग्रहण पाळायचं म्हणजे पोटावर लाल कापड बांधायचं आणि त्याला पिन लावायची, लोखंड कातडीला टेकेल अशी. पिन विसरली तर ग्रहणातला चंद्र पोटातल्या बाळाचा लचका तोडतो. कुणाचा ओठ, कुणाचा कान. रेनाल्दाच्या पोराचे, आब्दियासचे, त्यानं दात नेले, केस नेले आणि घामसुद्धा नेला, असं गाव गेली आठ वर्षं म्हणत आलं.

मी इथली दातांची डॉक्टर. दात उपटता उपटता लोकांची घरंही आतून कळतात. आब्दियासच्या तोंडात दोनच दात, तेही टोक काढलेल्या पेन्सिलीसारखे. डोक्यावर विरळ लव. आणि आमच्या उन्हात घाम न येणारं पोर म्हणजे आईच्या जिवाला चोवीस तास घोर. रेनाल्दा दुपारभर त्याचा सदरा भिजवून त्याच्या अंगात घालायची, आणि तिची सासू, दोन्या पेत्रोना (थोर बायकांना आमच्याकडे मानानं दोन्या म्हणतात), दारातल्या खुर्चीवरून म्हणायची, "भिजव, भिजव. तेव्हा एवढीशी पिन जड झाली, आता बादल्या उचल."

"लावली होती मी पिन! तुमच्या डोळ्यांदेखत लावली होती!"

"मग चंद्रानं काय तुझ्याशी दावा मांडला होता?"

नवरा उत्तरेला मजुरीला गेलेला, त्यामुळे मध्ये पडणारं कुणी नाही. भांडण गल्लीला तोंडपाठ होतं. पण रेनाल्दा कधी हटली नाही. मला ती आवडायची ती त्यासाठीच.

यंदा आब्दियासला कवळी बसवायची ठरली. त्याआधी मी मायलेकांना शहरात कातडीच्या डॉक्टरकडे नेलं. मला शंका होती, पण त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. त्यानं आजाराचं हातभर लांब नाव सांगितलं आणि पुस्तकातली व्याख्या वाचून दाखवली. बाळ गर्भात घडताना त्याच्या अंगाच्या अगदी बाहेरच्या थरातून केस, दात आणि घामाच्या ग्रंथी तयार होतात. या आजारात त्या नीट तयार होत नाहीत. आजार जन्मजात.

"म्हणजे ग्रहणाचा काही संबंध नाही?" रेनाल्दानं विचारलं.

"ग्रहणाचा?" तो हसला. मला त्याचा रागच आला.

रेनाल्दानं माझा हात असा दाबला की बोटं कळवळली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. तेवढ्यात त्या माणसानं पुढचं वाक्य वाचलं. बहुधा आईच्या रक्तातून मुलग्यांकडे येतो, मुलींना सहसा तितका त्रास होत नाही, पण त्या तो पुढे नेऊ शकतात.

बसमध्ये आब्दियास मांडीवर झोपल्यावर तिनं विचारलं, "आणि सेनाइदा?"

सेनाइदा तिची थोरली. वीस वर्षांची, गामालिएलशी लग्न ठरत आलेली.

"असेल किंवा नसेल," मी म्हटलं. "तिला सांगायला हवं."

"लग्न झाल्यावर सांगू."

"ती फसवणूक होईल, रेनाल्दा."

"मग करते मी फसवणूक! गामालिएलची आई हंडीतला तमालसुद्धा मक्याचं पान उलगडून बघते आतून. तिला हे कळलं तर माझी पोर दारातच राहील. ग्रहणाचं बरं होतं, डॉक्टरीणबाई. ग्रहण माझ्या एकटीचं होतं."

व्याख्या लिहिणारी माणसं पंख्याखाली बसून लिहितात. तीन ओळींत केस बसतात, दात बसतात. सासू बसत नाही, व्याही बसत नाहीत. रोगाला नाव मिळालं की रोग्याचं अर्धं ओझं उतरतं, असं मी इतकी वर्षं मानत आले होते. ओझं उतरून कुठे जातं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी सांगणार नाही असं कबूल केलं, पण पोरीनं स्वतः विचारलं तर खोटं बोलणार नाही, हेही बजावलं.

आठवडाभरातच सेनाइदा दवाखान्यात आली. उभ्याउभ्याच म्हणाली, "शहरात काय झालं?"

"तुझी आई काय म्हणाली?"

"तिनंच तर घोळ घातलाय. काल आजीनं पिनेचं काढलं, तर आई म्हणाली, 'हो, विसरले होते मी.' आजीचा घास तोंडातच राहिला. आई असं मान्य करणाऱ्यातली आहे का? काहीतरी लपवतेय ती."

मी तिला खुर्चीत बसवलं आणि तोंड उघडायला लावलं. सेनाइदाच्या हसण्यात वरचा एक दात बारीक, टोकदार होता, आणि गावातली पोरं त्याच दातावर भाळलेली. त्याच्या जोडीचा दुसरा दात मुळात आलाच नव्हता. मग मी आरसा खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. तिच्यात ते असावं असं मला वाटतं, आणि असलं तर होणाऱ्या प्रत्येक मुलग्यामागे आजाराची निम्मी शक्यता, हेही.

"आईचे दोन भाऊ तान्हेपणीच उन्हाळ्यात तापानं गेले," ती हळूच म्हणाली. "त्यांना म्हणे दृष्ट लागली होती."

ती उठून गेली.

रविवारी गामालिएलची आई, दोन्या एलोदिया, त्याला घेऊन मागणी घालायला आली. मलाही बोलावलं होतं. अंगणात टेबल मांडलं होतं, रेनाल्दा मोलेच्या रश्श्याचं पातेलं घेऊन वाढत होती, आणि आब्दियास नव्या कवळीनं कोंबडी चावत सगळ्यांना दाखवत होता. दोन्या एलोदिया त्याच्याकडे बघत राहिली.

"बिचारा," ती म्हणाली. "ग्रहणाचं ना हे?"

"सुनेची कृपा," दोन्या पेत्रोना म्हणाली. "आता स्वतःच कबूल करते."

"हो," रेनाल्दा म्हणाली. "माझीच चूक. पोरीचा त्यात काही संबंध नाही."

सेनाइदानं हातातली मक्याची तोर्तिया ताटात ठेवली. "चंद्राबिंद्राचं नाही हे. आमच्या रक्तातलं आहे. आईकडून आब्दियासला आलं. बहुतेक माझ्यातही आहे, आणि उद्या माझ्या मुलात येऊ शकतं. गामालिएलला मी काल सांगितलंय. तुम्हाला आज सांगते."

गामालिएल लालबुंद होऊन बसला होता, पण उठला नाही. त्याची आई आधी त्याच्याकडे बघत राहिली, मग आब्दियासकडे.

रेनाल्दा मात्र पोरीवर धावून गेली. "कशाला बोललीस? कुणी विचारलं होतं तुला? आठ वर्षं वाहिलं मी, आणखी वाहिलं असतं! मला काय जड होतं?"

"ते तुझं नव्हतंच, आई."

रेनाल्दा तिथेच उभी राहून रडायला लागली, हातात पळी तशीच. दोन्या पेत्रोना सावकाश खुर्चीतून उठली. तिनं सुनेच्या हातातली पळी काढून घेतली, तिला आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतःच्या हातानं तिचं ताट वाढलं.