न चिकटलेला बाण

मित्रांनो, मी एक जुनी आकृती आहे. कागदावरची नव्हे, संगणकातली. आकृत्या काढायच्या एका प्रोग्राममध्ये माझा जन्म झाला. अंगावर चौतीस चौकटी आणि त्यांना जोडणारे बाण, एवढाच माझा जीव, आणि तोही कायम टांगणीला लागलेला.

मला घडवलं ते ताईंनी. सगळं ऑफिस त्यांना ताईच म्हणतं. एका रक्तपेढीसाठी सॉफ्टवेअर करायचं होतं आणि त्याआधी तिथलं प्रत्येक काम ताईंना माझ्यात मांडायचं होतं. म्हणून रक्तपेढीतल्या सिस्टर शेजारी खुर्ची ओढून बसल्या. त्या एकेका चौकटीवर बोट ठेवून विचारायच्या, हे झालं, आता पुढे कोण काय करणार? पडद्यावर बोटांचे ठसे उमटत आणि ताई हसत हसत ते पुसत. सत्ताविसाव्या चौकटीत लिहिलं होतं, ‘पिशवीचा रक्तगट पुन्हा जुळवून पाहा.’ ही चौकट कधी गाळू नका, असं सिस्टरनी तीनतीनदा बजावलं. चुकीच्या गटाचं रक्त माणसाच्या जिवावर बेततं.

माझं फार कौतुक झालं. मला छापून भिंतीवर लावलं. पाहुणे आले की ऑफिसचे साहेब आधी मला दाखवत. मीही जरा शेफारले.

मग एक दिवस साहेबांना वाटलं, मी एका पानात मावायला हवं. ताईंनी घाईघाईत चौकटी सरकवल्या. नीट जोडलेला बाण चौकटीबरोबर सरकतो. पण सत्ताविसावीकडे येणारा बाण तिला नुसता टेकलेला होता, चिकटलेला नव्हता. ती बाजूला गेली, बाण जागीच राहिला. तिच्या जागी ‘पिशवी द्या’ ही चौकट आली आणि बाणाचं टोक तिला टेकलं. दिसायला मी पूर्वीपेक्षा नीटनेटकी झाले. ताई मला सेव्ह करून जेवायला गेल्या.

चूक मला कळली. ओरडावं तर तोंड नाही. प्रोग्रामर मला समोर ठेवून सॉफ्टवेअर लिहू लागला, तेव्हा वाटलं, हा तरी विचारेल. तो बाणामागून बाण धरत सत्ताविसावी वगळून पुढे गेला. त्याला काय बोल लावू? त्याने माझ्यावर विश्वास ठेवला होता. भिंतीवरच्या जुन्या प्रतीत बाण बरोबर होता, पण तिच्यावर कुणीतरी सुट्ट्यांची यादी चिकटवली होती.

सॉफ्टवेअर सुरू व्हायला दोन दिवस उरले, तेव्हा सिस्टर सही करायला आल्या. सगळं तेच आहे, फक्त आटोपशीर केलंय, असं साहेब म्हणाले. सिस्टरनी पेन खाली ठेवलं, खुर्ची ओढली आणि पहिल्या चौकटीवर बोट ठेवलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. सव्विसावीवरून बोट निघालं आणि ‘पिशवी द्या’वर पोहोचलं. तिथे ते थांबलं. मग मागे आलं.

“ताई, या बाजूच्या चौकटीत यायचं कुठून?”

ताईंचा चेहरा पांढराफटक पडला. “माझ्याकडून सुटलं,” त्या एवढंच म्हणाल्या. त्यांनी बाणाचं टोक ओढून सत्ताविसावीला चिकटवलं. प्रोग्रामरने त्याच दिवशी सॉफ्टवेअर दुरुस्त केलं. सिस्टरनी ते स्वतः चालवून पाहिलं आणि मगच सही केली.

आता मला बंद करण्याआधी ताई प्रत्येक चौकट थोडी हलवून बघतात. तरी माझी धाकधूक जात नाही. मित्रांनो, माझ्यासारखी आकृती हाती आली तर तिच्या नीटनेटकेपणावर भुलू नका. बोट ठेवून वाचा, चौकट हलवून पाहा. सत्ताविसाव्या चौकटीच्या पलीकडे कुणीतरी पलंगावर पडलेलं असतं, आणि त्याला आपला रक्तगट सांगण्याचंही भान नसतं.