मोठ्या अक्षरांची ओळ

मित्रांनो, माझ्या सुटलेल्या पोटाला हसू नका. मी जुन्या घडणीचा, जाड काचेच्या तोंडाचा मॉनिटर आहे. पंपघरात टाकीतल्या पाण्याचे आकडे दाखवण्यात माझी हयात गेली. चित्रबित्र काही नाही. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं, बस्स.

ती वाचायचे पंपवाले काका. चष्म्याशिवाय. "पन्नाशी उलटली, पण डोळे बघा माझे," असं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. साहेबांनी बजावलं होतं, आकडे वाचता येतात तोवर नोकरी.

आता गुपित सांगतो. यंत्र सुरू होताना सगळ्यांच्या आधी बूट लोडर नावाचा छोटासा प्रोग्राम उठतो आणि बाकीच्यांना जागं करतो. त्याच्या फाइलीत एक ओळ असते, पडद्यावर ठिपके किती मांडायचे याची. ठिपके कमी, तर अक्षर मोठं. काकांची मुलगी संगणकाचं शिकलेली. डबा द्यायच्या निमित्ताने यायची आणि काका पंपाकडे वळले की ती ओळ बदलायची. आधी १०२४ चे ८०० केले, दोन वर्षांनी ६४०. अक्षरं इतकी फुगली, की खिडकीतली चिमणीसुद्धा पातळी वाचून मगच उडायची. काकांना मात्र पत्ता नव्हता.

मुलगी लग्न होऊन दूर गेली. मग एक दिवस दुरुस्तीवाला आला. "कुणी केलाय हा अडाणीपणा?" म्हणत त्याने परत १०२४ केले, माझी काचही पुसली. माणूस वाईट नव्हता हो.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी बटण दाबलं आणि माझ्या तोंडावर मुंग्यांएवढी अक्षरं पसरली. त्यांनी बाहीने काच पुसली. मग डोळे पुसले. पुन्हा काच. नाक टेकेल इतके जवळ आले. त्यांचा श्वास माझ्यावर धुरकट उमटला. 'काका, ओळ बदललीय,' असं मला सांगायचं होतं. पण मॉनिटरला सांगितलं तेवढंच दाखवता येतं.

"एका रात्रीत डोळे गेले," ते पुटपुटले आणि दुपारी राजीनामा देऊन आले.

किल्ल्या परत करायच्या दिवशी, बातमी ऐकून आलेली मुलगी त्यांना हात धरून घेऊन आली. खुर्चीवर नवा माणूस बसला होता. मुलीने माझ्याकडे पाहिलं मात्र, तिचा चेहरा उतरला.

"बाबा, डोळे गेले नाहीत तुमचे. अक्षरं बारीक केलीत कुणीतरी. मी मोठी करून ठेवली होती."

"कधीपासून?"

"सहा वर्षं झाली. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून..."

काकांनी वाकून पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"वेडे, सांगायचं होतंस," ते म्हणाले. "चष्मा केला असता."

किल्ल्या टेबलावर ठेवून त्यांनी माझ्या डोक्यावर हात फिरवला.

आता मी अडगळीच्या खोलीत आहे. मित्रांनो, एखादी ओळ पुसण्याआधी ती कुणासाठी लिहिली होती ते विचारा. आणि आपल्या माणसासाठी लिहिलीत, तर त्याला सांगा. काकांच्या श्वासाचा डाग माझ्या काचेवर अजून असेल असं मला वाटतं. पण धूळच इतकी साचली आहे, की मलाही नीट दिसत नाही.