एकोणनव्वदचा शनी

आमच्या बाबांनी नवा कॉम्प्युटर आणला तेव्हा त्याला हार घातला, कुंकू लावलं, नारळ फोडला आणि मग त्यात दहा वर्षांपूर्वीचा पत्रिकेचा प्रोग्रॅम कोंबला. नव्या सुनेला सासूच्या विटक्या साड्या नेसायला लावतात, त्यातलाच प्रकार.

पनवेलच्या एसटी स्टँडसमोर 'कृष्णकांत संगणकीय पत्रिका केंद्र' अशी पाटी होती. कृष्णकांत म्हणजे बाबा. प्रोग्रॅम अठ्ठ्याऐंशी सालचा, आणि करणाऱ्यानं त्यात शनी, गुरू वगैरे मंडळींची दहाच वर्षांची फिरती भरलेली. अठ्ठ्याण्णवच्या नव्या मशीनवर तो सुरू केला की 'वर्ष उपलब्ध नाही' म्हणून अंग काढून घ्यायचा.

मशीन जोडून देणारा रोडपालीचा प्रणित म्हणाला, "काका, नवा प्रोग्रॅम घ्या. ह्याचं वय झालं."

"ग्रह म्हातारे होतात का रे?" बाबा म्हणाले.

"मग मशीनची तारीख मागं नेतो. पार एकोणनव्वदला नेऊन ठेवतो, म्हंजे लय वर्सं कटकट नाय."

बाबांना त्यात काही वावगं वाटलं नाही. तारीख मशीनची, ग्रह आकाशातले. एकाचा दुसऱ्याशी संबंध काय? मी तेव्हा ऑफिसात होते. मला हे सगळं फार उशिरा कळलं.

धंदा मात्र जोरात चालला. 'यंदा जमीन विकाल' असं छापून आलं की गिऱ्हाईक तोंडावर हात ठेवायचं. कारण जमीन त्यानं खरंच विकलेली असायची, एकोणनव्वदला. त्या सुमारास निम्म्या पनवेलनं विकली होती. होऊन गेलेलं भविष्य इतकं बिनचूक सांगणारा दुसरा कुणी गावात नव्हता.

मग सत्यजीतचं स्थळ आलं. म्हणजे आमचं आम्ही ठरवलेलंच होतं, मोठ्यांनी शोधून काढल्यासारखं करायचं तेवढं बाकी होतं. बाबांनी माझी पत्रिका काढली. साडेसाती चालू, चार वर्षं विवाह टाळावा.

"स्वतःच्या मुलीसाठी शास्त्र वाकवू का, वल्लरी?" त्यांनी विचारलं.

मला इतका राग आला की महिनाभर मी त्यांचं ताट आपटूनच वाढलं. सत्यजीतच्या घरचे चार वर्षं थांबणार नव्हते, तसं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. मी रडले. बाबा हलले नाहीत.

एका शनिवारी मी दुकानात डबा द्यायला गेले, तर नेऱ्याच्या सोनाबाई नुकतीच काढलेली पत्रिका हातात धरून बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. पत्रिका त्यांच्या मुलीची, मनिषाची.

"पोरीला पोरगा पसंत हाय गो बाय," त्या म्हणाल्या. "पन शनी नाय बोलतो तर आमी काय करनार? उद्या सकाळी नाय म्हनून कळवायचं. जरा वाच ना, काय लिवलंय?"

मी वाचलं. चालू वय : ११.

"मनिषा केवढी आहे?"

"इसावं सरत आलंय."

सोनाबाई एसटी गाठायला गेल्या. मी पर्समधला माझा कागद उलगडला. रडण्याच्या भरात तो मी कधी नीट वाचलाच नव्हता. चालू वय : १५. मला चोविसावं सरत होतं.

मी बाबांसमोर तो कागद ठेवला. त्यांनी प्रणितची युक्ती सांगितली, तीही कौतुकानं. सांगता सांगता ते थांबले. साडेसाती मला आलेली होती, शाळेत, गणितात नापास झाले तेव्हा. ती कधीच आटपली होती.

बाबांनी मशीनची तारीख सत्त्याण्णवला आणली, प्रोग्रॅमला चालणारं शेवटचं साल. प्रिंटर करकरला. साडेसाती नाही, विवाहास अनुकूल. शनीला हलवायला चार बटणं पुरली. मला महिनाभर रडावं लागलं होतं.

कागद माझ्या हातात देऊन त्यांनी तारीख पुन्हा एकोणनव्वद केली. धंदा त्याच सालावर चालत होता.

"आणि सोनाबाईंची मनिषा?"

"दिलेली पत्रिका चुकली म्हणायचं तर पाटी उतरवावी लागेल." बाबांचा आवाज खाली गेला. "तुझं झालं ना?"

त्या क्षणी मला त्यांची लाज वाटली. दोन मिनिटांपूर्वी मी आनंदानं रडणार होते.

मी समोरच्या स्टँडवर जाऊन नेऱ्याची एसटी धरली. सत्यजीतला बातमी द्यायची राहिली, पण तो एक दिवस थांबला असता. मनिषाचा नकार सकाळी जाणार होता.