आभाळातून आलेली काळी माती

मित्रांनो, मुठीत घेतलीत तर मूठ रिकामीच आहे की काय असे वाटावे, इतकी मी हलकी. मी फुजी डोंगराच्या पायथ्याची जुनी काळी माती. फार पूर्वी मी आभाळात होते. डोंगराने मला धगधगत वर उडवले आणि मी राख होऊन तरंगत खाली उतरले. माझ्यावर गवत उगवले, कुजले, पुन्हा उगवले. हजारो वर्षांच्या त्या गवतानेच मला काळे केले.

माझ्या कणाकणात पोकळ्या आहेत. त्यांत मी पावसाचे पाणी जपते. हिवाळ्यात पहाटे तेच पाणी गोठते. बर्फाच्या सुया उभ्या राहून मला वर उचलतात आणि सातूच्या रोपांची मुळे माझ्यातून सुटतात. म्हणून दुपारी वरचा ओलावा सुकला की इथली माणसे रोपे पायांनी दाबतात.

एका वर्षी भातखाचरांच्या गावाहून नुई नावाची सून आली. कोठीतले धान्य संपत आले होते. सारी भिस्त सातूवर होती. सासू मात्सुनोने तिला खालच्या वावरात रोपे तुडवायला पाठवले. नुईचा पायच उचलेना. ती बांधावरूनच फिरून घरी गेली आणि "तुडवलं, आई" म्हणाली.

आठ दिवस कोरडा वारा सुटला. रोपे पिवळी पडली. मात्सुनोने एक रोप धरले, ते अलगद हातात आले.

"हे तुडवलंस होय गं?"

"लेकरांसारखी वाटली हो. पाय कसा देऊ?"

"मग मांडीवर घेऊन बसायचं होतंस!"

नुई रडू लागली. "मारलं मी सगळं."

मात्सुनोने मूळ चिमटीत दाबून पाहिले. "रडतेस काय? अजून ओल आहे. चल, ओळीला आडवी उभी राहा. छोटी पावलं टाक."

दोघी शेजारी शेजारी सरकत राहिल्या. प्रत्येक पावलाखाली मी थोडी दबले आणि सुटलेली मुळे पुन्हा कवेत घेतली. उन्हाळ्याच्या तोंडी सातू पिकला. खालचे वावर जरा विरळच होते, पण घराची चूल पेटती राहिली.

पुढच्या हिवाळ्यात नुई पाठीवर बाळ बांधून सर्वांत आधी आली.

मित्रांनो, मला उघडी टाकू नका, वारा मला सहज नेतो. माझ्यावर काहीतरी हिरवे असू द्या, आणि थंडीत पाय ठेवायला कचरू नका. मी मूळची आभाळातली. तुमच्या पावलांमुळेच मी जमिनीची होते.