कधीच न भेटलेली जोडी

सकाळी प्रयोगशाळेत आल्यावर तिने आधी टाकीतल्या खाऱ्या पाण्याचं तापमान पाहिलं, तोंड वासून मेलेले शिंपले वेचून टाकले, हातमोजे चढवले आणि डीएनएच्या प्रती काढणाऱ्या यंत्रातून कालची नळी काढली. विभागात तिला सगळे ‘शिंपलेवाली’ म्हणत.

प्राण्यांत मायटोकॉन्ड्रियाचा, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघरांचा, डीएनए बहुधा एकट्या आईकडूनच येतो. त्यामुळे सांधणीला, म्हणजे दोन डीएनएंचे तुकडे जुळून एक धागा व्हायला, दुसरा वाटेकरीच नसतो. या शिंपल्यांत मात्र नराला बापाचाही डीएनए मिळतो. अशाच एका नरात तिला अर्धा आईचा, अर्धा बापाचा असा सांधलेला धागा सापडला होता. त्यावर तिचा निबंध परिषदेत स्वीकारला गेला होता, आणि पुढची नेमणूक त्याच निबंधावर अवलंबून होती.

पण मनात एक शंका घर करून होती. प्रती काढताना यंत्रात एखादी प्रत अर्धवट सुटते आणि दुसऱ्याच धाग्यावर जाऊन पुरी होते. तेव्हा सांधणी शिंपल्यातली की नळीतली? म्हणून काल तिने एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन शिंपल्यांचे डीएनए, एक आईकडचा, एक बापाकडचा, नळीतच एकत्र करून यंत्रात लावले होते. इथे सांधलेला धागा दिसला, तर तो यंत्राचाच प्रताप.

तिने नळीतला नमुना जेलवर चालवला; त्यावर धागे लांबीप्रमाणे वेगळे होऊन पट्टे दिसतात. दिव्याखाली पट्टा उजळला, त्या नराचा सांधलेला धागा जिथे दिसला होता अगदी त्याच जागी.

“म्हणजे भेट नाही, गाठ नाही, आणि घरात पोर!” मागून वाकून पाहत तिचे मार्गदर्शक सर हसले. मग गंभीर झाले. “फिका आहे गं. शिवाय हा प्रयोग तुझ्याकडे मागितलाय कोणी?”

“फिका असला तरी आहे, सर.”

“झाकली मूठ सव्वा लाखाची. नेमणूक हाती येऊ दे, मग उघड.”

“मूठ माझी आहे, सर. ती रिकामी असू शकते, हे मला आता कळलंय.”

“वेडे, वर्ष हातचं जाईल तुझं!”

“जाऊ दे. सांधणी खरी असेल तर प्रती न काढता, थेट डीएनए वाचूनही दिसेल. दिसली की पुन्हा निबंध पाठवीन.”

 सर खुर्ची ओढून तिच्या बाजूला बसले.

तिने परिषदेला पत्र लिहिलं: निबंध मागे घेत आहे, दिसलेली सांधणी आमच्याच प्रती काढण्यातून आलेली असू शकते. एकदा वाचलं, पाठवलं. मग जेलचं छायाचित्र, पट्ट्यासकट, विभागातल्या सगळ्यांना दिसेल अशा सामायिक फोल्डरमध्ये ठेवलं.