कोरी नळी

“निकाल बाद झाला,” असं म्हणत वहिनी प्रयोगशाळेतून बाहेर आली आणि चक्क हसली.

मी बाहेर बाकावर पोट सांभाळत बसले होते. माझा जीव टांगणीला लागलेला आणि ही हसतेय. असा राग आला म्हणून सांगू.

मी पाळणाघरात काम करते. पोरांची शेंबडी नाकं पुसता पुसता कुठलासा विषाणू माझ्या अंगात शिरला. मला नुसती कणकण आली, पण तो बाळापर्यंत पोचला तर त्याचे कान जाऊ शकतात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणून गर्भजल काढून त्यात विषाणू आहे का, आणि असला तर किती, हे मोजायचं होतं. मोजणारी कोण, तर माझी सख्खी वहिनी.

ही बाई म्हणजे नियमांचं पुस्तक. प्रयोगशाळेत तीन खोल्या आहेत. पहिल्या खोलीतून पुढे जायचं, त्या दिवशी मागे फिरायचं नाही. शेवटच्या खोलीत विषाणूच्या अंशाच्या इतक्या प्रती तयार होतात की अंगरख्यावर कण राहिला तरी पहिल्या खोलीतले नमुने नासतात. शिवाय दर वेळी नमुन्यांसोबत एक नळी नुसत्या पाण्याची लावायची. मागे न फिरण्याचं खूळ तर घरीही आहे. मोरीतून स्वयंपाकघरात जायचं तर दादाला अंगणातून वळसा घालावा लागतो.

“तुझ्या नळीत विषाणू दिसला. थोडासाच,” वहिनी म्हणाली.

मी बाकावरून उठलेच.

“अगं, ऐक पुढे. पाण्याच्या कोऱ्या नळीतही तेवढाच दिसला. पाण्याला कुठला आलाय संसर्ग? मीच घाण केली. तुझ्या काळजीत शेवटच्या खोलीतून तोच अंगरखा घालून परत पहिल्या खोलीत गेले.”

“तू? तू मागे गेलीस?”

“गेले खरी. नणंदा असतातच डोक्याला ताप.”

“मग आता?”

“निम्मं गर्भजल मी वेगळं, बंद ठेवलंय. माझा माझ्यावर तरी कुठे भरवसा आहे?”

सगळं धुऊनपुसून पुन्हा मांडलं, पण या वेळी नळ्यांना तिने हात लावला नाही. प्रयोगशाळेतल्या तिच्या जोडीदारणीला आत पाठवून ती माझ्याशेजारी बसली. माझा हात तिने इतका घट्ट धरला होता की बांगड्या रुतल्या. ती घाबरली होती, आणि ते बघून मला उलट धीर आला.

संध्याकाळी जोडीदारीण दारात आली. “मुद्दाम विषाणू घातलेल्या नळीत तो बरोबर दिसला, म्हणजे तपासणी नीट झाली. पाण्याची कोरी. हिचीही कोरी.”

डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला. “बाळापर्यंत पोचलेला दिसत नाही. जन्मल्यावर पुन्हा बघू.” वहिनी तिथेच खुर्चीत बसून ढसाढसा रडली. मी मात्र घरी जाऊन दोन ताटं जेवले.

मुलगी झाली. तिच्या तपासण्या चांगल्या आल्या, कानांचीसुद्धा. वहिनी कोपरापर्यंत हात धुऊन पाळण्यावर वाकली, तोच तिच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा खणकन फरशीवर पडला. पोरगी दचकली आणि तिने भोकाड पसरलं.

“अगं, हळू जरा,” आई ओरडली.

मी पोरीला थोपटून निजवलं. वहिनीने जुडगा उचलला, हळूच माझ्याकडे, मग पोरीच्या कानाकडे बघितलं आणि पुन्हा एकदा खाली टाकला.