चार नंबरच्या टेबलाची भाषा

हातमोज्यांच्या त्या कारखान्यात बायकांच्या गप्पा ऐकून लिहून काढायला एक माणूस पगारी ठेवला होता. हुद्दा ‘ध्वनी सहायक’. सगळे त्याला ‘कान’ म्हणत. खाली पॅकिंगच्या हॉलच्या छताला मायक्रोफोन, वरच्या खोलीत कानाचं टेबल, हेडफोन आणि गार झालेला चहा.

गेले तीन आठवडे हेडफोनमधून भलतंच काही येत होतं. ‘सर्फोमवारी कर्फुलूप...’ साहेबांनी मायक्रोफोन दोनदा बदलला. दुरुस्तीवाला म्हणाला, “मशीन ठणठणीत आहे साहेब, बायकाच बिघडल्यात.”

कानाला मात्र पहिल्याच दिवशी सगळं कळलं होतं. प्रत्येक शब्दाच्या पोटात ‘र्फ’ कोंबायचं, बाकी शब्द तसाच. लहानपणी वडील घरात असले की तो आणि त्याची ताई असंच बोलत. आणि ताई आता खाली चार नंबरच्या टेबलावर मोज्यांच्या जोड्या लावत होती. बायकांचं ठरत होतं की मागच्या दाराला कामाच्या वेळात घातलेलं कुलूप निघाल्याशिवाय सोमवारी कुणी मोज्याला हात लावायचा नाही. मागणी काही वावगी नव्हती. तो रोज ‘अस्पष्ट’ असं लिहून मोकळा होई.

शुक्रवारी साहेब म्हणाले, “संध्याकाळपर्यंत अर्थ लागला नाही, तर तुमची खुर्ची त्या दुरुस्तीवाल्याला. तो निदान मशीनशी तरी बोलतो.”

कानाला दोन मुलं होती, आणि खुर्चीची सवय. दुपारीच त्याने बायकांचं बोलणं जसंच्या तसं आणि सोबत ‘र्फ’ची किल्ली लिहून दिली. चार नंबरचं बोलणं तेवढं गाळलं. आपण सगळ्यांनाच कसं सांभाळून घेतलं, याचं त्याला थोडं कौतुकही वाटलं.

साहेब लाल पेन्सिलीने एकेक ‘र्फ’ खोडत गेले आणि खूश झाले. “वा! कसं काय जमलं हो?”

“त्यात काय साहेब, पोरखेळ. लहानपणी घरात आम्ही दोघंच...”

त्याने जीभ चावली.

“दोघं कोण?” साहेबांनी प्रेमाने विचारलं आणि हजेरीपट पुढे ओढला. “अच्छा, चार नंबरला तुमच्या ताई. तुमच्याच शिफारशीवर लागल्यात ना? म्हणजे शिकवणारी तीच.” ते उठले, दोन पहारेकऱ्यांना हाक मारली. “तुम्ही कशाला उठताय? बसा. लिहीत राहा.”

हेडफोनमध्ये आधी जिन्यावरचे बूट वाजले. मग टेबलं गप्प होत गेली. एक. दोन. तीन. मग ताईचा आवाज आला. छताकडे तोंड करून, सावकाश, शुद्धलेखन घातल्यासारखा.

“बर्फाळ्या, तर्फूच कर्फा रर्फे?”

हेडफोनमधून उत्तर द्यायची सोय नसते. हात मात्र सवयीने चालला. त्याने ‘र्फ’ काढून सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘टेबल चार. बाळ्या, तूच का रे?’

आणि पुढच्या वाक्यासाठी पेन तसंच धरून बसला.